उलट्या पावलांची होडी

बँकेतून निवृत्त होऊन मालवणजवळ देवबागला, म्हणजे बायकोच्या माहेरी, राहायला आलो तेव्हा दोन वस्तू विकत घेतल्या. एक आरामखुर्ची आणि एक सेकंडहँड फायबरची होडी, मागे 25 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन. खुर्चीने आजवर काही त्रास दिलेला नाही.

होडीत उजव्या हाताशी एकच दांडा. उभा असला की न्यूट्रल. पुढे केला की 'टक्' होऊन गिअर पडतो, आणखी रेटला की वेग. मागे ओढला की तेच सगळं उलट. क्लच नाही, ब्रेक तर नाहीच. 29 वर्षं कर्जाच्या फायली पुढे-मागे सरकवणाऱ्याला हे जड जाऊ नये, असं मला वाटलं होतं.

दिवाळीत बायकोने घर आवरलं, तर मीही हौसेने होडी आवरली. पण पाडव्यानंतर दांडा रोज थोडा जड होत गेला. मी म्हटलं, थंडी पडली असेल. (देवबागला!) मग एके सकाळी सेल्फ मारला तर मशीन ढिम्म. नवी बॅटरी आणली. ढिम्म. शेजाऱ्यांनी प्लग बदलायला लावले. सेल्फ फिरतच नाही तर प्लगचा काय दोष, हे मला पैसे दिल्यावर सुचलं. शेवटी वैतागून दांड्याला एक दणका दिला आणि मशीन सुरू! न्यूट्रल नसेल तर मशीन सुरूच होऊ नये, असा एक स्विच त्यात असतो. दांडा मला सरळ दिसत होता, मशीनच्या मते तो वाकडा होता. मी मात्र दणक्यालाच दुरुस्ती समजून बसलो.

त्याच रविवारी पुण्याहून मेहुणा सहकुटुंब आला. सगळ्यांना लाइफ जॅकेटं चढवून कर्लीच्या खाडीतून संगमापर्यंत गेलो. नदी समुद्राला मिळते तिथे दांडा उभा करून थांबलो, फोटो झाले. परत निघायला दांडा पुढे केला. मशीन नुसतं गुरकावलं, होडी जागची हलेना. आणखी रेटला. आवाज वाढला, होडी तिथेच. मागे ओढून पाहिला तर 'टक्' होऊन होडी निमूट मागे निघाली.

मग तसेच आलो. अख्खी खाडी, रिव्हर्समध्ये, मुंगीच्या पावलांनी. वेग वाढवला की मागच्या फळीवरून पाणी आत. मेहुणा डब्याने पाणी उपसत होता आणि मेहुणीबाई विचारत होत्या, "भावोजी, इकडे असंच चालवतात का?" काठावर जाळं विणत बसलेले एक आजोबा ओरडले, "होडयेत भूत आसा काय रे? पावलां उलटी दिसतत!"

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आला. त्याने आधी किल्ली काढून खिशात टाकली. मग मशीनचं झाकण उघडून दांड्यापासून येणारी गिअरची केबल मशीनकडच्या टोकाला सोडली, पंखा हाताने थोडा थोडा फिरवत गिअरचा आर्म हलवला. पुढे, न्यूट्रल, मागे, सगळं लोण्यासारखं. "मशीन बरा आसा." मग केबल तशीच सुटी ठेवून मला दांडा हलवायला लावला. दांडा अजूनही जडच. मग केबल दांड्याच्या डब्याकडूनही सोडली. आता दांडा करंगळीने हलला. म्हणजे मशीन निर्दोष, डबा निर्दोष. उरली केबल. इतकं साधं गणित, आणि मी बॅटरीपासून सुरुवात केली होती.

"आत खारा पाणी गेला हा, तार कुसली. ओढूक जमता, ढकलूक नाय," तो म्हणाला. "सुतळी कधी ढकलून बघलात काकानू?"

मग त्याची बोटं केबलवरून सरकत एका जागी थांबली. तिथे केबल चार प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधली होती, काटकोनात, अगदी शोकेसमध्ये ठेवावी अशी. त्या मोडापाशी वरचं आवरण चिरलं होतं.

"कोणी बांधल्यान ह्या?"

मी समुद्राकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे.

"केबल म्हणजे साडी नाय, घडी घालूक," एवढंच बोलून त्याने पट्ट्या कापल्या. तेल सोडून चालणार नाही, केबल नवीच लागणार, असं सांगून जुनीची लांबी मोजली: 14 फूट. जाताना दम दिला की गिअर टाकायचा तो मशीन मंद असताना, आणि एका झटक्यात. भीतभीत टाकला की आतले दात एकमेकांवर घासतात, 'कर्र' वाजतं, आणि ते दात गेले की खर्च केबलीवर भागत नाही.

नवी केबल आता होडीच्या कडेने ऐसपैस कमान करून जाते. दिसायला गबाळी आहे. बॅटरी मात्र झकास आहे, नवी कोरी.

मेहुणा मे महिन्यात पुन्हा येतोय. फोनवर विचारत होता, या वेळी बसायचं कुठे तोंड करून?