पन्नाशीनंतरचं विंडसर्फिंग आणि नागपुरात फिरणारा तो मेसेज

नागपुरातल्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. निवृत्तीनंतर गोव्याला जाऊन विंडसर्फिंग (शीड लावलेल्या फळीवर, म्हणजे बोर्डावर, उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाणं) शिकायचं खूळ निघालंय, ते जिवावर बेतेल, असा त्याचा सूर. म्हणणं थोडक्यात असं: या खेळाला पैलवानाचे दंड लागतात, हा आजकालच्या पोरांचा खेळ आहे, पन्नाशीनंतर तोल सांभाळणं नव्यानं शिकता येत नाही, पडलात की हाड मोडणार, पट्टीचं पोहणं येत नसेल तर बुडणार, आणि समुद्र नसलेल्या नागपूरकरानं हे शिकून करायचं तरी काय. खाली ‘डॉक्टरांचा सल्ला’ असं लिहिलंय. डॉक्टर कोणते, ते नाही. मी साठीच्या उंबरठ्यावर हा खेळ शिकलो, त्यामुळे माझं माप थोडं एका बाजूला झुकणार, हे आधीच सांगून ठेवतो.

ताकदीचा मुद्दा मेसेजात सगळ्यात जोरात आहे आणि सगळ्यात पोकळही तोच. सोबत जोडलेला व्हिडिओ ऑलिंपिकच्या शर्यतीचा आहे. बीजिंगपासून टोकियोपर्यंत ऑलिंपिकमध्ये आरएस:एक्स नावाच्या बोर्डाच्या शर्यती होत. वारा पडला की त्यात खेळाडू शीड सतत आतबाहेर ओढत राहतात. याला पंपिंग म्हणतात, आणि भल्याभल्यांचा त्यात दम निघतो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या इबाद अली यांनी कांस्यपदक मिळवलं ते याच प्रकारात. पण शिकाऊ माणसानं पंपिंग करायचंच नसतं. रणजीचा सामना दाखवून गल्लीत बॅट धरू नका म्हणावं, तशातली ही गत.

शिकताना अंगमेहनतीचं काम खरं म्हणजे एकच: पाण्यात आडवं पडलेलं शीड दोरीनं वर काढणं. शिकाऊ शीड चार-पाच चौरस मीटरचं असतं. डोलकाठी आणि हातात धरायचा आडवा दांडा, म्हणजे बूम, मिळून त्याचं वजन फार नसतं. जड लागतं ते त्यावर चढलेलं पाणी. वारा पाठीवर घ्यायचा, गुडघे वाकवायचे, हात आणि पाठ सरळ ठेवायची आणि पायांच्या जोरावर उठत अंग मागे झुकवायचं. शिडाची कड पाण्याबाहेर आली की क्षणभर थांबायचं. पाणी आपसूक ओघळून जातं आणि पुढचं काम हलकं होतं. हे थांबणं पोरांना जमत नाही. ती झटका देऊन खेचतात आणि संध्याकाळी कंबर धरून बसतात. एकदा शीड उभं राहिलं की वाऱ्याच्या ओढीला दंडांनी नाही, शरीराच्या वजनानं उत्तर द्यायचं. त्यासाठी आपल्या वयात जमलेलं पोटही थोडंफार कामाला येतं.

आणि वारा आवरेना, तर मागचा हात सोडायचा. शिडातली हवा निघून जाते, जोर संपतो. तरीही नाही जमलं तर दोन्ही हात सोडायचे, शीड पाण्यात पडतं. डोलकाठी बोर्डावर ताठ रोवलेली नसून कुठल्याही बाजूला वळणाऱ्या सांध्यावर उभी असते, म्हणून हे शक्य होतं. अमेरिकेत जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइत्झर यांनी या रचनेच्या पेटंटसाठी १९६८ मध्ये अर्ज केला, आणि त्याआधी १९६४ मध्ये न्यूमन डार्बी यांनी फळीवर शीड लावून पाहिलं होतं. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९८४ पासून आहे. सत्तरच्या दशकात विशीत असताना हा खेळ शिकलेली माणसं आज सत्तरीच्या घरात आहेत, तेव्हा ‘आजकालच्या पोरांचा खेळ’ हे वाक्यही खोडूनच टाकावं.

तोलाच्या मुद्द्यात तथ्य आहे. वय वाढतं तसा तोल ढळतो, प्रतिक्रिया मंदावते, नवी हालचाल अंगात मुरायला वेळ लागतो. मात्र शिकाऊ बोर्ड काही समुद्राच्या लाटांवर नाचणारी अरुंद फळी नसतो. गणित करून बघा. २०० लिटरचा बोर्ड सुमारे २०० किलो भार पाण्यावर तोलू शकतो. माणूस ८० किलोचा, शिडाचा सगळा सरंजाम आठेक किलो, बोर्डाचं स्वतःचं वजन पंधराएक किलो. तरी जवळपास १०० किलोची तरणशक्ती शिल्लक राहते. रुंदी ८०-९० सेंटीमीटर, मधोमध पाण्यात खाली उतरणारं पातं, म्हणजे डॅगरबोर्ड, डगमग कमी करतं. यावर सुरुवातीला गुडघ्यांवर बसता येतं, मग उभं राहता येतं. आमच्या वयात खरी अडचण वेगळीच येते. पडायची भीती वाटली की आपण बूम अधिकच घट्ट धरतो, आणि घट्ट धरलेलं शीड आपल्यालाच पाण्यात खेचतं. लहान मुलं हात सोडून मोकळी होतात. हात सोडायची सवय लावून घ्यायला मला तोलापेक्षा जास्त वेळ लागला.

हाडांबद्दल: पाण्यावर पडणं म्हणजे बाथरूमच्या फरशीवर पडणं नव्हे. पण मेसेज लिहिणाऱ्यानं चुकीच्या जागी बोट ठेवलंय. घोट्याला आणि गुडघ्याला धोका असतो तो उथळ पाण्यात पाय खाली करून उडी टाकल्यानं. म्हणून पाणी निदान कमरेच्या वर हवं आणि पडताना मागे, बसल्यासारखं पडायचं. वर येताना एक हात डोक्यावर धरायचा, कारण डोलकाठी तुमच्यामागून पडू शकते. नडग्या खरचटतात, तळहाताला फोड येतात, ते येणारच. पायात जुने कॅनव्हासचे किंवा पाण्यातले बूट घाला, मधुमेह असेल तर विचारायलाच नको.

पोहण्याचं थोडक्यात. पट्टीचा पोहणारा असण्याची गरज नाही. लाइफ जॅकेट घालून पाण्यात न घाबरता तरंगता आलं पाहिजे, थोडं अंतर कापता आलं पाहिजे, आणि काहीही झालं तरी बोर्ड सोडायचा नाही हे डोक्यात पक्कं हवं. बोर्ड बुडत नाही, तोच तुमची होडी. एवढंही येत नसेल, तर आधी इथल्या स्विमिंग टँकवर जा.

आता समुद्राचं. नागपूरला समुद्र नाही हे सांगायला मेसेज लागत नाही. पण भोपाळलाही नाही. तिथल्या बड्या तलावावर राष्ट्रीय सेलिंग स्कूल आहे आणि तिथे तयार झालेल्या नेहा ठाकूरनं हांगझोऊला शिडाच्या होडीत रौप्यपदक जिंकलं. हैदराबादच्या हुसेन सागरावर शिडाच्या शर्यती होतात. उलट शिकाऊ माणसाला तलाव बरा: वारा तुम्हाला कुठेही ढकलत नेवो, शेवटी कुठल्यातरी काठालाच लागता. समुद्रावर तसं नसतं. गोव्याचे किनारे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, आणि हिवाळ्यात सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी काचेसारखं सपाट दिसतं, शिकायला अगदी छान वाटतं, आणि तोच वारा तुम्हाला हळूहळू आत घेऊन जातो. दुपारनंतर वारा फिरून समुद्राकडून येतो, तेव्हा लाटा असतात पण तुम्ही किनाऱ्याकडे ढकलले जाता. जिवावर बेतेल अशी गोष्ट मेसेजात घालायचीच होती, तर ही घालायची.

मग नागपुरातल्या अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर बोर्ड टाकायचा का? माझं उत्तर नाही असंच आहे, पण कारण वय नाही. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी पानही हलत नाही. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत कोण जाणार, आणि वारा आला तर वादळ घेऊनच येतो. विजा कडाडत असताना उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू आपली डोलकाठी असणं बरं नाही. जून-जुलैत वारा चांगला असतो, पण शहरातल्या तलावांभोवती इमारती आणि झाडं. झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी वारा विस्कटतो, झोतांनी येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. त्यामुळे असा झोत नवशिक्याला उचलून आपटतो. शहरातलं सांडपाणी आणि जलपर्णी वेगळीच. रामटेकजवळचा खिंडसी मोकळा आणि मोठा, तिथे बोटिंगही चालतं, पण तो सिंचनाचा तलाव. वारा सुटतो त्या जूनमध्ये पाणी खाली गेलेलं असतं आणि काठाला चिखल. परवानगी, शिकवणारा आणि मदतीची मोटारबोट नसताना स्वतःचा बोर्ड टाकून कुठेच उतरू नये. म्हणून शिकायचं बाहेर, आणि नागपुरात करायचं ते उठाबशा, एका पायावर उभं राहणं आणि पोहणं.

डॉक्टरांचं नाव वापरायचंच असेल, तर खऱ्या डॉक्टरांना विचारण्यासारखं बरंच आहे. श्वास रोखून बूम घट्ट आवळला की रक्तदाब चढतो. तो आटोक्यात नसेल तर आधी तो आटोक्यात आणा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हात शरीरातलं पाणी लवकर कमी होतं. रक्त पातळ करणारं औषध असेल तर नडगीवरचा साधा मारही काळानिळा पसरतो. खांद्याचं जुनं दुखणं असेल तर शीड वर काढतानाच कळेल, तेव्हा आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. आणि शिकवणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा: बचावाची बोट पाण्यात उभी असते की गॅरेजमध्ये, माझ्या वजनाला किती लिटरचा बोर्ड देणार, आणि आज वारा कुठून कुठे आहे. तिसऱ्या प्रश्नाला त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, तर दुसरीकडे जा.