खोदायच्या आधी एक फोन करा

परवा दुपारी तीनच्या सुमाराला एकाच वेळी सात गावांचं नेट गेलं. स्क्रीनवर एकेक करत सगळी कनेक्शनं लाल झाली आणि पाच मिनिटांत फोन सुरू झाले. काय झालंय ते मला बघायचीही गरज नव्हती. सकाळी आमची केबल पुरलेल्या रस्त्याने येताना पाण्याच्या पाइपलाइनसाठी ट्रेलरवरून जेसीबी उतरवताना बघितला होता. तेव्हाच गाडी थांबवून सांगायला पाहिजे होतं. ते अजून मनातून जात नाही.

गेवराई तालुक्यात मी अकरा वर्षांपासून हे काम करतोय. आधी केबल टीव्ही होता, आता घरोघरी फायबर, म्हणजे काचेच्या तारेतून नेट. लोक आम्हाला 'वायफायवाले' म्हणतात. नेट चालू असलं की आमची कुणाला आठवण नसते आणि बंद पडलं की पहिली शिवी आम्हालाच. त्याचं मला काही वाटत नाही, पैसे घेतो तर ऐकून घ्यायलाच पाहिजे. पण नेट बंद का पडतं आणि चालू करायला इतका वेळ का लागतो, हे एकदा सविस्तर सांगावं असं बरेच दिवस वाटत होतं.

तुटलेली जागा शोधायला ओटीडीआर नावाचं यंत्र असतं. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, तसं ते काचेच्या तारेत उजेड सोडतं आणि परत आलेल्या उजेडाच्या वेळेवरून तूट किती लांब आहे ते सांगतं. यंत्राने ४.३ किलोमीटर दाखवलं. पण ते केबलची लांबी सांगतं, रस्त्याची नाही. मध्ये कुठं दहा मीटर, कुठं पंधरा मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते, ते वजा करत जावं लागतं. या वेळी शोधावं लागलं नाही. चराच्या कडेला आमची काळी केबल मुळासारखी उपटून बाहेर पडली होती.

जेसीबी केबल कापत नाही, ओढतो. हे नीट समजून घ्या, कारण सगळा वेळ इथंच जातो. कुऱ्हाडीने तोडल्यासारखा एक घाव असता तर एका जोडात काम झालं असतं. बकेटच्या दातात अडकून केबल ताणली जाते आणि दोन्ही बाजूंना कित्येक मीटरपर्यंत आतली काच कुठं तुटते, कुठं तडकते. तेवढा भाग काढून टाकायचा, मधे नवा तुकडा घालायचा आणि दोन्ही टोकांना जोड मारायचा. केबल २४ कोरची, आत काचेच्या २४ तारा. म्हणजे एका बाजूला २४, दुसऱ्या बाजूला २४, असे ४८ जोड.

एक तार म्हणजे १२५ मायक्रॉनची काच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि ज्यातून उजेड जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, कटरवर सरळ कापायचं, मशीनमध्ये समोरासमोर ठेवायचं. मशीन ठिणगी देऊन दोन काचा वितळवून एक करतं. मग त्यावर नळी सरकवून गरम करायची. प्रत्येक तारेला रंग असतो, निळा निळ्याला, नारिंगी नारिंगीला, हिरवा हिरव्याला. धुळीचा एक कण बसला तरी मशीन जोड नाकारतं, परत सोला, परत कापा. वारं सुटलं होतं, वरून भुरभुर चालू. दोन पोरं ताडपत्री धरून उभी, तिसरा मोबाइलची बॅटरी लावून, आणि मी चिखलात गुडघे टेकून. ओल्या हाताने काच धरता येत नाही म्हणून दर दोन जोडांना हात शर्टाला पुसायचे. शेवटचा जोड झाला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

आणि या सगळ्यात फोन चालूच. त्यातला एक फोन विसरता येत नाही. एका गावातल्या सेवा केंद्रवाल्याचा होता. पीक विम्याची शेवटची तारीख तोंडावर आलेली. तो म्हणाला, "दादा, चाळीस-पन्नास माणसं बसलीत सातबारा घेऊन. रोजगार बुडवून आलीत. त्यांना थांबा म्हणू का घरी जा म्हणू?" मी काय सांगणार? म्हणलं, घरी पाठव. खुरपणीची मजुरी बुडवून आलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी परत तीच मजुरी बुडवून यावं लागलं. या नुकसानीची भरपाई कुणाच्याच वहीत लिहिली जात नाही.

आमच्या धंद्यात अडचणी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच आम्ही गुपचूप निस्तरतो. लाइट गेली की गावातल्या डब्यातलं मशीन बॅटरीवर चालतं, पण बॅटरीला चार्ज व्हायलाच लाइट मिळाली नाही तर ती किती पुरणार? मे-जूनमध्ये वीज कडाडते तेव्हा एका रात्रीत घराघरातली राउटरं जळतात. फायबरमधून करंट येत नाही, तो अडॅप्टरमधून येतो. म्हणून हात जोडून सांगतो, आभाळ भरून आलं की विहिरीवरच्या मोटारीचं जसं बघता, तसं राउटरचं अडॅप्टरही काढून ठेवा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वरवर पुरलेली केबल खेचते. खांबावरून न्यावी तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या उंच भरून जातात आणि वरच्या वर केबल घेऊन जातात. माकडं झोके घेतात ती वेगळीच.

आयपी पत्त्यांचंही तसंच, म्हणजे नेटवर कनेक्शन ओळखायला लागणाऱ्या नंबरांचं. जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून ४२९ कोटींच्या आसपास, आणि आपल्या आशिया-पॅसिफिक विभागातला मोकळा साठा २०११ मध्येच संपत आला. म्हणून आम्ही एका पत्त्यावर अनेक घरं चालवतो. मग पुण्यात बसलेल्या पोराला गावाकडच्या गोदामाचा कॅमेरा दिसत नाही आणि तो आम्हाला बोलतो. त्याला वेगळा पत्ता लावून देतो, विषय संपतो.

पैशाचं थोडं सांगतो. बिलावर १८ टक्के जीएसटी, वरच्या कंपनीचा वाटा, बॅटऱ्या, डिझेल, पोरांचे पगार. त्यात आपला बीड जिल्हा. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. काही वस्त्यांवर घरांना कुलपं लागतात, मागे म्हातारी माणसं राहतात. पाच-सहा महिने रिचार्ज नाही. मी त्यांचं मशीन काढून आणत नाही. कोयता हातात घेऊन निघालेल्या माणसाला मी बिल मागावं, हे माझ्याच्याने होत नाही. त्यांची लेकरं आजी-आजोबांपाशी राहून शिकतात, बऱ्याच ठिकाणी मी कनेक्शन तसंच चालू ठेवतो. हे सगळं सोसायची माझी तयारी आहे.

सोसवत नाही ते हे खोदकाम. कारण हे टाळता येतं आणि टाळायला एक रुपया लागत नाही.

नियम नाही असंही नाही. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये नियम काढला की खोदणाऱ्याने आधी पोर्टलवर कळवायचं आणि केबलचं नुकसान झालं तर भरून द्यायचं. त्याच वर्षी मार्चमध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आलं. अशा खोदकामाने देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं. पण ते ॲप दिल्लीत सुरू झालं आणि आमच्या चरापर्यंत पोचलंच नाही. काम एकाच्या नावावर, त्याने दिलेलं दुसऱ्याला, त्याने तिसऱ्याला, आणि प्रत्यक्ष बकेट चालवणारा पोरगा तासावर. त्याला मीटर पूर्ण करायचेत. परवा त्या ठेकेदाराला फोन लावला तर म्हणाला, "तुमची वायर तिथं आहे हे मला काय माहीत?" मला राग आला, पण रात्री विचार केला तर त्याचं अर्धं बरोबर होतं.

कारण आमचीही चूक आहे. आमच्यातल्या कित्येकांकडे आपल्या केबलचा नकाशा नाही. कोणत्या रस्त्याला डाव्या बाजूने गेलीय, ओढा कुठं ओलांडलाय, हे एखाद्या पोराच्या डोक्यात असतं, आणि तो पोरगा सोडून गेला की केबल जमिनीखाली बेवारस होते. कुठं कुठं परवानगी न घेताच केबल टाकलेली असते, म्हणून तुटली तरी तक्रार करायला तोंड नसतं. चर तीन फुटांचा ठरवून दीड फुटावर मातीने झाकणारेही आमच्यातच आहेत. हे आधी आम्ही सुधारलं पाहिजे. मी या महिन्यापासून माझी सगळी लाइन मोबाइलवर जागा टिपत चालत फिरतोय. निम्मी झाली. उरलेली पोळ्याच्या आत करणार आहे, आणि ती प्रत्येक ग्रामपंचायतीत नेऊन देणार आहे.

सरपंचांना, ग्रामसेवकांना एवढंच मागणं आहे की काम सुरू करायची परवानगी देताना ठेकेदाराच्या हातात हा नकाशा आणि माझा नंबर द्या. पाणी पाहिजेच, पाइपलाइन अडवायला आम्ही येणार नाही. उलट सोबत उभे राहून जागा दाखवू, दिवस असो की रात्र.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका जेसीबीवाल्या पोराने आमची केबल तोडली होती. तेव्हा भांडण न करता त्याला जोड मारताना शेजारी बसवून घेतलं होतं. पहाटेपर्यंत तो बॅटरी धरून बसला. तेव्हापासून तो खोदायच्या आधी फोन करतो. काल संध्याकाळी त्याचा फोन आला, "दादा, उद्या वेशीपासून शाळेपर्यंत पाइप टाकायचाय. तुमची वायर कुठून गेलीय?" मी सकाळी सहाला फक्कीची पिशवी घेऊन तिथं जातोय. रेघ मारून देईन, मग त्याने बकेट टेकवायची.