आकडा कधीचा, ते आधी पाहा
अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) रुग्णांच्या रक्तात ग्लुटाथायोन (शरीराचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट) कमी आणि एमडीए (मॅलॉनडायअल्डिहाइड, पेशींतल्या मेदाची हानी झाल्याची खूण) जास्त, म्हणून अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्या, असं एका लेखात म्हटलंय; ही उडी जरा लांबच पडली. रक्त शेवटच्या झटक्यानंतर किती तासांनी घेतलं? झटक्यात चेतापेशींत कॅल्शियम शिरतं, मायटोकॉन्ड्रियावर (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांवर) ताण येतो, मुक्त मूलकं (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) वाढतात. तेव्हाचा आकडा आणि झटका नसतानाचा आकडा एका रांगेत मांडता येत नाही. नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतलं कॅटालेज (एक अँटिऑक्सिडंट विकर) बाहेर येऊन त्याचा आकडा फुगतो. एमडीएची थायोबार्बिट्युरिक आम्ल चाचणीही इतर अल्डिहाइडना रंग देते. शिवाय अपस्माराची औषधंही रक्तातले घटक बदलतात: व्हॅल्प्रोएट कार्निटिन (मेदापासून ऊर्जा मिळवायला लागणारं द्रव्य) घटवतं, फेनिटॉइन फोलेट (एक ब जीवनसत्त्व). पण फोलेट परस्पर जास्त मात्रेत घेतलं, तर फेनिटॉइनची रक्तातली पातळी उतरून झटके वाढू शकतात.