यवन, युनान आणि ग्रीस: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की त्या देशाचं खरं नाव ग्रीस, 'युनान' हा फारसी अपभ्रंश, आणि बखरींत यवन म्हणजे मुसलमान असताना मी माझ्या लेखात 'यवन म्हणजे ग्रीक' असं लिहून तो शब्द ओढूनताणून ग्रीकांना लावला.

बखरींचं तुमचं बरोबर आहे. पण तो अर्थ फार पुढचा. पश्चिमेकडून येणाऱ्या कुणाही परक्याला यवन म्हणता म्हणता तो मुसलमानांना चिकटला. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकात, अंतियोक या ग्रीक राजाला 'योन' (यवनचंच प्राकृत रूप) म्हटलं आहे. इस्लामला तेव्हा आठ-नऊशे वर्षं अवकाश होता.

युनान फारसीतून आला, हे खरं. पण त्याला अपभ्रंश म्हणून हिणवू नका. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनियन ग्रीकांची वस्ती होती. इराण्यांची गाठ आधी त्यांच्याशी पडली आणि त्यांच्या लेखी सगळेच ग्रीक 'यौन' झाले. प्राचीन इराणचा सम्राट दारयवहू (डरायस) याच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात हेच नाव आहे. हिब्रूत यावान, अरबीत युनान, तुर्कीत युनानिस्तान, आपल्याकडे यवन. होमरच्या काव्यात हे लोक 'इआओनेस' आहेत. त्यातल्या 'आ' आणि 'ओ' या स्वरांमध्ये पूर्वी 'व' होता. खुद्द ग्रीकांनी तो गाळला आणि आपल्या 'यवन'मध्ये तो शाबूत राहिला! मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता ग्रीस. हे नाव रोमनांच्या लॅटिनमधून युरोपभर गेलं आणि इंग्रजीतून आपल्याकडे आलं. अॅरिस्टॉटल सांगतो, की आता हेलेनीस (ग्रीकांचं स्वतःचं नाव) म्हणवणाऱ्यांना पूर्वी 'ग्रैकोई' म्हणत. म्हणजे हेही नाव उपरं नाही, खुशाल वापरा. पण तिथला माणूस आपल्या देशाला 'एलादा' म्हणतो, जुनं रूप हेलास. 'खरं नाव' म्हणून हट्टच धरायचा, तर तो याच्यासाठी धरावा लागेल.

आणि आपण पुणेकर, तेव्हा पुरावा बघायला लांब जायला नको. लोणावळ्याची लोकल पकडून मळवलीला उतरा आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. तिथल्या खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावं कोरली आहेत. एका खांबावर धेनुकाकटचा सिहधय स्वतःला यवन म्हणवतो आणि खांब दान दिल्याचं सांगतो. सिहधय म्हणजे सिंहध्वज, नाव अस्सल इथलं. त्यामुळे तो थेट ग्रीसहून आला होता असा माझा दावा नाही. पिढ्यान् पिढ्या इथेच रुळलेला असेल. पण इस्लामच्याही आधीच्या इतक्या जुन्या काळी तो मुसलमान असणं शक्यच नाही. लेखातलं ते वाक्य म्हणून मी आहे तसंच ठेवतो आहे.