दमट हवा, बॉन्डिंगची तार आणि विक्स : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचे दोन आक्षेप आहेत. आपल्याकडच्या दमट हवेत स्टॅटिक (स्थिर वीज) साठतच नाही, त्यामुळे छोट्या विमानात इंधन भरताना बॉन्डिंगची तार, म्हणजे विमान आणि इंधनाचा पंप यांना जोडणारी तार, लावणं हा निव्वळ सोपस्कार. आणि पंखांच्या मागच्या कडेवरच्या विक्स (प्रभार हवेत सोडणाऱ्या बारीक दांड्या) आकाशातल्या विजेपासून वाचवतात. ते नाकारून मी वाचकांची दिशाभूल केली, असं तुमचं म्हणणं.

पहिल्यात अर्धं तथ्य आहे. दमट हवेत पत्र्यावर, कपड्यांवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि त्यावरून प्रभार निसटतो. पण ॲव्हगॅसमध्ये (छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये) प्रभार तयार होतो तो पाइपातून आणि विशेषतः फिल्टरमधून वाहताना. तिथे बाहेरची हवा पोचतेच कुठे? जुलैत कोकणात भरा नाहीतर मे महिन्यात गोंदियाला, पाइपाच्या आत तेच घडतं. हा प्रभार इंधनाबरोबर टाकीत उतरतो, आणि विमान उभं असतं रबरी टायरांवर, म्हणून तो जमिनीत सहज उतरत नाही. तार विमान आणि पंप यांना एकाच पातळीवर आणते, म्हणजे त्यांच्यात ठिणगी उडत नाही.

ठिणगी केवढी लागते, तेही बघा. इंधनाची वाफ पेटायला साधारण पाव मिलिजूल पुरते. बोटाला जेमतेम जाणवणारा चटका सुमारे ३,००० व्होल्टचा असतो, आणि त्यात याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. ‘इतकी वर्षं कधी काही झालं नाही’ हे तुमचं वाक्य म्हणून मला पटत नाही.

तार आधी, टाकीचं झाकण नंतर. चिमटा उघड्या धातूवर हवा. रंगावर अडकवून समाधान मानणारेही असतात, त्यांची तार शोभेची. प्लॅस्टिकच्या कॅनला तर तार जोडायला धातूच नसतो, म्हणून त्यातून इंधन भरणं मला मुळीच मान्य नाही.

आता विक्स. विजेचा प्रवाह हजारो अँपिअरचा, विकमधून झिरपणारा मायक्रोअँपिअरचा. विकचं काम रेडिओसाठी आहे. बर्फाचे कोरडे कण, धूळ, पाऊस यांतून जाताना विमानावर प्रभार चढतो. तो अँटेनाजवळून सुटू लागला की हेडसेटमध्ये खरखर सुरू होते, एडीएफची (रेडिओ केंद्राची दिशा दाखवणाऱ्या यंत्राची) सुई भरकटते. विकची टोकं तो प्रभार आधीच, अँटेनापासून दूर, थोडाथोडा सोडून देतात. वीज पडल्यावर कधी विक जळालेली सापडते, त्यातून तिनेच वाचवलं असा समज होत असावा. वाचवतं ते धातूचं अखंड आवरण आणि बिजागऱ्यांवरून नेलेल्या जोडपट्ट्या.

एक विक तुटली तर उड्डाण रद्द करायचं का, हेही तुम्ही विचारलंय. किती नसल्या तर चालतं ते त्या विमानाच्या पुस्तिकेत बघा. तेवढी सूट असेल तर स्वच्छ हवेत दिवसा मी निघेन. ढगांत शिरायचं असेल तर आधी बदलून घेईन.