पैसे वर आहेत

एसटीच्या तिकिटाची मागची बाजू कोरी कशासाठी असते, हे मला लहानपणीच कळलं होतं. तिथं कंडक्टर लिहितो. ‘बाकी 3’ नाहीतर ‘बाकी 7’, डॉक्टरांच्या चिठ्ठीसारख्या अक्षरात, भोवती एक गोल. उतरताना मागून घ्यायचे. आठवण राहिली तर आपले, डुलकी लागली तर गेले. आमचे वडील वारल्यावर त्यांच्या कोटाच्या खिशात अशी तीन तिकिटं निघाली. एकूण येणं साडेअकरा रुपये. आईनं ती एका डब्यात जपून ठेवली आहेत. आठवण म्हणून की वसुलीच्या आशेनं, हे विचारायची माझी छाती झालेली नाही.

आता घरात पूर्ण भाडं भरणारा मी एकटाच उरलोय. आई 75 च्या पुढची, तिला 2022 च्या ऑगस्टपासून एसटी फुकट. बायकोला 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट. आम्ही तिघं नाथषष्ठीला पैठणला निघालो की कंडक्टर आईला ‘बसा आजी’ म्हणतो, बायकोला अर्धं फाडून देतो आणि मग या दोघींची तूट भरून काढायला आल्यासारखा माझ्यासमोर उभा राहतो. “सुट्टे द्या.”

म्हणून दिवाळीत पुण्याच्या पुतण्यानं मला कार्ड दिलं, तेव्हा मी त्याच्याकडं जरा ओल्या डोळ्यांनीच पाहिलं.

“काका, एक देश, एक कार्ड. बसला, मेट्रोला सगळीकडं हेच. 2019 लाच आलंय हे. पैसे भरून ठेवायचे, मशीनला टेकवायचं, निघायचं. सुट्ट्यांची कटकट खल्लास.”

त्यात 4 रुपये होते. त्याला नवं कार्ड मिळाल्यामुळं जुनं माझ्याकडं आलं होतं, हे मागाहून समजलं. आमच्या घराण्यात स्वेटरसुद्धा असेच फिरतात. त्याच रात्री मी फोनवरून 500 रुपये भरले. खात्यातून गेल्याचा मेसेज आला. बायकोला दाखवला. “पाचशेची भाजी आली असती,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आमच्या संभाजीनगरच्या सिडको बसस्टँडवर सिटी बसमध्ये चढलो. कंडक्टर जवळ येताच ऐटीत पाकीटच पुढं केलं. मशीननं एक रडवा आवाज काढला. पुन्हा टेकवलं. पुन्हा तोच आवाज. आता, एखाद्याचं काहीतरी बिघडलंय हे कळल्यावर आमच्याकडची बस गप्प बसत नाही.

“पाकिटातून भाएर काढा की, काका.”

“चचा, उल्टा करके लगाव ना.”

“शर्टाला पुसा. माझ्या मेव्हण्याचं पुसल्यावर चाललं होतं.”

“गरम झालं असंल.”

पाकिटाचा सल्ला तेवढा खरा होता. या कार्डात बॅटरी नसते. मशीनच्या जवळ नेलं की मशीनच त्याला जागं करतं, तेही दोन-चार सेंटिमीटरच्या आत. शेजारी दुसरं तसलंच कार्ड असलं तर दोघंही एकदम बोलायला लागतात आणि दोन सुना एकदम बोलल्यावर सासूचं होतं तसं मशीनचं होतं. माझं एटीएम कार्ड शेजारीच होतं. बाहेर काढलं, पुसलं, उलटं केलं, पाठीवर थोपटलं. सेव्हन हिलला सुरू झालेले हे उपचार मोंढा नाक्यापर्यंत चालले. मशीन ऐकेना. का ऐकत नाही हे कंडक्टरला माहीत नव्हतं आणि मला तर नव्हतंच.

“साहेब, ते ठेवा आता खिशात. नोट काढा.”

नोट 200 ची होती. कंडक्टरनं तिच्याकडं आणि मग माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की उपचार सांगणाऱ्यांपैकीच एकानं माझं तिकीट काढलं. मेव्हणेवाल्यानं.

संध्याकाळी पुतण्याला फोन लावला.

“काका, पैसे गेले नाहीत. पैसे वर आहेत.”

“वर म्हणजे?”

“सर्व्हरवर. कार्डाच्या चिपमध्ये वेगळा हिशेब असतो. गाडीत रेंज नसली तरी भाडं कटलं पाहिजे ना! तुम्ही फोनवरून भरले ते वर साठले. आता मशीनला लावून ते खाली कार्डात उतरवून घ्यायचे.”

मराठवाड्याच्या माणसाला यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही. पैसे वरच्या धरणात होते. खाली जायकवाडीत चार रुपयांचा मृतसाठा. आमचा जन्म यातच गेला. 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असलं तर वरून पाणी सोडायचं, असा कागदोपत्री हिशेब आहे. पण वरच्या नाशिक-नगरवाल्यांचं एक म्हणणं असतं, खालच्या आमचं एक असतं, मग कोर्ट होतं, मोर्चे होतात, आणि शेवटी सुटतं त्यातलंही बरंचसं वाटेत नदीचं कोरडं पात्रच पिऊन टाकतं. माझ्या 500 मध्ये अशी गळती होणार नाही, असा पुतण्यानं शब्द दिला.

“मग आवर्तन कधी सुटणार?”

“अं?”

“मशीन कुठं असतं, बाबा?”

“कुठल्याही मेट्रो स्टेशनवर. तुमच्या जवळचं कोणतं?”

मी थोडा विचार केला. “शिवाजीनगर.”

म्हणजे पुण्याचं. सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. आमच्या गावातही एक शिवाजीनगर आहे, पण तिथल्या रुळांवरून मेट्रो जात नाही. रोख काढून घ्यावेत म्हटलं, तर तीही सोय नव्हती.

आई देवघरापाशी बसून सगळं ऐकत होती. “काय झालं रे?”

“पाचशे रुपये अडकले. वर आहेत म्हणतो.”

“वर हायेत तर तुज्या बापाला सांग. म्हणावं, हे बी सांबाळ आन् तुजे साडेअकरा बी घे.”

पुढं महिनाभरानं पुतण्याच्या मुलाचं जावळ निघालं. एरवी मी अशा कार्यक्रमाला आहेर पाठवून मोकळा होतो. या खेपेला मीच आधी निघालो. लाल गाडीत बसलो, नोटा मोजून दिल्या. सुट्टे नव्हते. कंडक्टरनं तिकीट उलटं केलं, लिहिलं, गोल काढला. “उतरताना घ्या.” जाण्यायेण्याचं भाडं 500 च्या पुढं जातं, हा हिशेब मी मुद्दाम केला नाही. बायकोनं केला होता.

पुण्यात वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर उतरलो ते थेट रिक्षात. स्टेशनवर मशीनला कार्ड लावलं, आणि महिनाभर आभाळात लटकलेले पैसे डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली आले. 504. मी ते तीनदा वाचलं. शेजारच्या सुरक्षारक्षकानं विचारलं, “कुठं जायचंय काका?”

“कुठं नाही. पैसे उतरवायला आलो होतो.”

त्यानं मान डोलावली. आणि त्या ‘उतरवायला’ शब्दानंच माझा हात खिशाकडं गेला. तिकीट तिथंच होतं. ‘बाकी 9’. गाडी केव्हाच डेपोत गेली असणार.

घरी येऊन तिकीट आईच्या डब्यात टाकलं. तिनं ते उलटून पाहिलं, बोटांवर हिशेब केला.

“साडेवीस झाले,” म्हणाली.