कॅनव्हासच्या भावात खळ विकताय, निदान वजन तरी लिहा!

काल दुपारी गिऱ्हाईक दारात आलं ते गाठोडं घेऊनच. आषाढात मी शिवून दिलेली सोफ्याची आठ कव्हरं. नवरात्राच्या धुण्यात ती पहिल्यांदाच पाण्यात पडली आणि वाळल्यावर फोम काही आत जाईना. माझ्यासमोर एक चढवून दाखवलं. फोम 24 इंची, कव्हर उभ्यात 22 वर आलेलं. कोपरा दाबून बसवावा तर चेन मधेच फाकते, पायपिंगला लाटा आलेल्या. बाई भल्या आहेत, आवाज चढवला नाही. "तुमच्या शिलाईवर भरवसा ठेवला होता हो," एवढंच म्हणाल्या. रात्रभर तेच कानात. अहो, माझा एक टाका उसवलेला नाही! आटलंय ते कापड. पण नाव गेलं माझं.

हे कापड मी डोळे झाकून घेतलेलं नाही. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीपासून गांधीनगरपर्यंत पायपीट केली. कॅनव्हास मागितला की निम्मे दुकानदार कॉलरचं बक्रम काढून ठेवतात, आणि बॅगेचं पॉलिस्टर "हेच ते, कॉटनच हाय" म्हणून पुढे सरकवतात. घरी येऊन काडी लावली की वितळून काळा कडक मणी होतो. असं दोनदा फसल्यावर तिसऱ्या ठिकाणी चांगला दिसणारा कोरा कॅनव्हास मिळाला. 58 इंची पन्ना, 260 रुपये मीटर. मी सरळ विचारलं, जीएसएम किती, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम? "340, दहा औंस, एकदम जाड." आटतो का? "आटतोय कुठला ओ ताई, प्रीश्रंक माल हाय, गॅरंटी." आठ मीटर घेतला.

एरवी मी कॅनव्हास रात्रभर भिजवून, वाळवून, मगच कात्री लावते. पण आषाढातलं कोल्हापूर तुम्हाला माहीत आहे. पंचगंगा पात्राबाहेर, आठ-आठ दिवस उन्हाची तिरीप नाही. आठ मीटर जाड कापड भिजवून वाळवायचं कुठं? गिऱ्हाईकाला घाई होती. त्या माणसानं तोंडावर गॅरंटी दिली होती, म्हणून मी तशीच बेतली.

काल संध्याकाळी उरलेल्या तुकड्यातून 10 बाय 10 सेंटीमीटरचा चौकोन कापला आणि गुजरीत ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला. याचं गणित सोपं आहे, जेवढे ग्रॅम भरतील त्याला शंभरनं गुणा, तोच जीएसएम. भरलं 3.3 ग्रॅम. म्हटलं, फार खोटं बोलला नाही. मग घरी येऊन तो तुकडा सोड्याच्या पाण्यात उकळला. पाणी पिठूळ झालं, अगदी तांदूळ धुतल्यासारखं. सकाळी खडखडीत वाळल्यावर परत काट्यावर ठेवला. 2.8! अर्धा ग्रॅम खळ होती! म्हणजे शेकडा पंधरा. आठ मीटरांतल्या जवळपास सव्वा मीटरचे पैसे, तीनशेच्या वर, मी खळीला मोजले. धुतलेला तुकडा खिडकीसमोर धरला तर विणीतून समोरची भिंत दिसत होती. ज्याला जाड म्हणून हात लावून पसंत केलं, तो जाडपणा पहिल्याच धुण्यात मोरीत वाहून गेला.

खळ का असते ते मला सांगू नका, माझं माहेर इचलकरंजीच्या वाटेवरचं आहे. मागावर उभा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ द्यावीच लागते, त्यालाच सायझिंग म्हणतात. तो उभा धागा मागावर ताणलेला असतो, म्हणून कापड उभ्यातच जास्त आटतं, आडव्यात कमी. तो कापसाचा गुण आहे, त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो तो गुण लपवून विकण्यावर. कोरा माल असेल तर कोरा म्हणा, "धुवून शिवा" म्हणा, मी दोन इंच जास्त धरीन. आणि प्रीश्रंक हा शब्द तोंडातून काढायच्या आधी तो काय आहे ते तरी समजून घ्या. कापड यंत्रात घालून उभ्यात आधीच आकसून घेतात, त्याला सॅनफोराइज म्हणतात. सॅनफोर्ड क्लुएट या अमेरिकन माणसानं 1930 च्या सुमारास त्याचं पेटंट घेतलं. शंभर वर्षं होत आली! आमच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला 1904 साली. इथून तीस किलोमीटरवर रात्रंदिवस माग धडधडतात, आणि कोल्हापूरच्या दुकानात ठाणावर वजनाची साधी चिठ्ठी नाही. दुकानदार अंगठ्यानं चोळून जाड, मध्यम, पातळ सांगणार आणि आम्ही मान डोलवायची? दहा रुपयांच्या बिस्किट पुड्यावर ग्रॅम लिहिलेले असतात!

आज सकाळी दुकानात तुकडा घेऊन गेले. "कॉटन म्हटलं की आटणारच की ओ ताई, तुम्ही धुवून शिवायला पाहिजे होतं." तोच माणूस, तोच गल्ला! गॅरंटीची आठवण दिली तर म्हणाला, बिलावर दाखवा कुठं लिवलंय ते. बिलावर लिहिलं होतं "कापड 8 मी." एवढंच. मागं गिऱ्हाईक उभं होतं, त्याला तो तोच ठाण उलगडून दाखवत होता. मी त्या दादांना तिथंच सांगितलं, आधी चौकोन कापून वजन करा, उकळा, परत वजन करा, मग घ्या. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. होऊ दे. दुकानाचं नाव इथं लिहीत नाही, कारण एकाचं नाव घेतलं की बाकीचे नामानिराळे राहतात, आणि वजन कुणीच लिहीत नाही.

बाईंना नवीन कव्हरं मी माझ्या पदरच्या कापडात शिवून देणार आहे, शिलाई घेणार नाही. दिवाळीच्या आत द्यायचीत. रात्री जुनी उसवायला बसले. 18 नंबरच्या सुईनं घातलेली दुहेरी शिलाई, एकेक टाका ब्लेडनं तोडताना बोटं सोलून निघाली. आठपैकी तीन झाली. चेनी तेवढ्या वाचतील.